गच्चीवरची अँटेना, पाणी प्यायलेली केबल आणि अप्पांची टेप : आमच्या टू मीटरच्या नोंदी

वहीत लिहिलेल्या नोंदी टाइप करून ठेवतेय, जशा होत्या जवळपास तशाच, फक्त भांडणं गाळलीत. घरात आम्ही पाच जण. नवरा, मी आणि लेक, तिघांनी परीक्षा देऊन हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी वायरलेसचं लायसन्स घेतलंय; टू मीटर म्हणजे त्यातला १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा. धाकटा अकराचा, त्याचं लायसन्स नाही, त्यामुळे तो पीटीटीला (बोलायच्या बटणाला) हात लावत नाही, ऐकतो आणि वही सांभाळतो. अप्पा म्हणजे माझे सासरे, त्यांना लायसन्स नकोच आहे, पण आयुष्यभर शॉर्टवेव्ह ऐकलेला माणूस, खरखरीतून शब्द वेगळे काढायला त्यांच्यासारखा कान घरात दुसऱ्या कोणाचा नाही. किमती लिहीत नाही, त्या जागोजागी वेगळ्या असतात. वाया काय गेलं आणि किती दिवस गेले ते मात्र सगळं लिहिलंय.

३ मे

सामान: ५ वॅटच्या दोन हँडी (हातात धरायचे वायरलेस सेट), ओळखीतून आलेला एक गाडीत बसवायचा जुना सेट (तोही ५ वॅटवरच ठेवलाय), माळ्यावर पडलेली २० मीटर आरजी-५८ केबल, आणि एक नॅनोव्हीएनए (अँटेना आणि केबल मोजायचं छोटं यंत्र, पुढे नुसतं व्हीएनए). बेत असा की गच्चीवर अँटेना लावायची, सेट खाली अप्पांच्या खोलीत ठेवायचा आणि बाहेर गेलेल्या माणसाशी रेपीटरशिवाय (आवाज पकडून पुढे पाठवणाऱ्या मधल्या स्टेशनशिवाय), थेट सिम्प्लेक्सवर बोलायचं.

काहीही लावायच्या आधी आहे त्या परिस्थितीत कुठपर्यंत जातं ते मोजून ठेवायचं असं लेकीचं म्हणणं होतं आणि ते बरोबरच होतं. मी हँडी आणि तिची रबरी अँटेना घेऊन खालच्या खोलीत बसले, लेक सायकलवर निघाली. पहिला अर्धा तास काहीच नाही. ती अगदी कोपऱ्यावरून बोलतेय तरी नाही. मग लक्षात आलं की तिच्या हँडीवर रेपीटरसाठी लागणारा शिफ्ट (पाठवायची फ्रिक्वेन्सी बाजूला सरकवणारी सोय) चालूच राहिला होता, म्हणजे ती बिचारी ६०० किलोहर्ट्झ खाली एकटीच बोलत होती आणि मी वर तिची वाट बघत बसले होते. शिफ्ट काढला, रेपीटर उघडायचा टोन काढला, लगेच आवाज आला.

नोंद: १ किमी स्वच्छ, २ किमी तुटक, तळ्याजवळ (४ किमी) शून्य.

५ मे

हँडीला बाहेरची केबल जोडायला अडॅप्टर आणला, तो बसेना. एसएमएमध्ये (हँडीच्या अँटेनाचा छोटा कनेक्टर) नर-मादीचा घोळ आहे. बहुतेक यंत्रांवर मादी असते, पण काही हँडींवर उलटं असतं, पिन हँडीच्या बाजूला आणि भोक अँटेनाच्या बाजूला. आमच्या दोन हँडी दोन जातीच्या निघाल्या. एक अडॅप्टर चुकीचा आणला, बदलायला गेलो तर घाईत दुसराही चुकीचाच आणला. चार दिवस यात गेले. आता हँडी सोबत घेऊन जातो आणि तिथेच फिरवून बघतो.

१० मे

क्वार्टर वेव्ह ग्राउंड प्लेन. यापेक्षा सोपी अँटेना नाही: एक एसओ-२३९ सॉकेट, मधल्या पिनेला उभी पितळी सळी, चार भोकांना चार सळ्या खाली ४५ अंशात वाकवलेल्या. खाली वाकवायच्या कारण आडव्या ठेवल्या तर अँटेना ३६-३७ ओहमच्या आसपास बसते, वाकवल्या की ५० च्या जवळ येते.

चूक पहिली माझी. ३०० भागिले १४५, त्याचा चौथा भाग, ५१.७ सेंटीमीटर, कापली. व्हीएनएवर खड्डा, म्हणजे अँटेना जिथे जुळते ती फ्रिक्वेन्सी, १३८ मेगाहर्ट्झला. हवेतल्या लांबीपेक्षा सळी पाच टक्के तरी कमी लागते हे परीक्षेत मी स्वतः बरोबर लिहून आले होते. जाऊ दे, लांब कापली हे नशीब, लांबची आखूड करता येते.

लेकीने कानस आणि पक्कड घेऊन आधी फक्त ५ मिलिमीटर काढले आणि परत मोजलं: १३९.४. म्हणजे सेंटीमीटरला पावणेतीन-तीन मेगाहर्ट्झ सरकतं. आता अजून २ सेंटीमीटर काढायचे. इथे चूक दुसरी. नवरा मगाशी "एकूण अडीच काढायची" एवढंच ऐकून चहाला गेला होता, परत आला आणि त्याने अडीच काढली. खड्डा गेला १४६.५ ला.

लेक म्हणाली, "बाबा, मोजायचं कोणी सांगितलं नव्हतं का?"

ती सळी डाख सोडवून काढली, नवीन ४९.२ ला कापली, १४५ वर बसली. एक सळी वाया, दुपार गेली. कापाकापी एकाच माणसाने करायची, बाकीच्यांनी खोलीबाहेर थांबायचं, असा नियम झालाय.

११ मे

गच्चीच्या कठड्याला पाइप बांधून अँटेना वर नेली. वर गेल्यावर खड्डा थोडा सरकला, १४५.६, एसडब्ल्यूआर १.३ (१ म्हणजे पॉवर अजिबात परत येत नाही, आकडा जेवढा मोठा तेवढी जास्त परत येते). चालेल. केबल जिन्याच्या खिडकीतून अप्पांच्या खोलीत. वरच्या कनेक्टरवर साधी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली. (या वाक्याकडे नंतर परत यायचंय.)

खाली सेटपाशी एसडब्ल्यूआर मोजला तर १.१! सगळे खूश. वर १.३ आणि खाली १.१ कसा, हा प्रश्न त्या दिवशी एकालाही पडला नाही.

१७ मे

तळ्याजवळून लेक स्वच्छ. मी हँडी घेऊन टेकडीवर गेले, सरळ रेषेत ११ किमी, अप्पांच्या खोलीतून नवरा बोलत होता. त्याचा आवाज मला कळत होता पण मागे सूं-सूं बरीच. वर रिकामी हवा, समोर घराची दिशा मोकळी, मला याहून चांगलं अपेक्षित होतं. वहीत लिहिलं: "बरा. अंतरामुळे असेल." असेल हा शब्द वहीत लिहायची बंदी करायला हवी होती तेव्हाच.

२४ मे

काही केलं नाही. वाऱ्याने पाइप हलत होता, दोन क्लॅम्प वाढवले.

७ जून

तीन दिवस पाऊस. आज उघडीप मिळाल्यावर नवऱ्याने सेट लावला आणि ओरडलाच, एसडब्ल्यूआर १.०५! पावसात धुऊन अँटेना सुधारली म्हणे. व्हीएनए लावला तर १३० पासून १६० पर्यंत रेघ सपाट, कुठेही वर जात नाही. "ब्रॉडबँड झाली," म्हणाला.

अप्पा खुर्चीत बसून ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "मग तो रोज सकाळी ऐकू येणारा माणूस आज का नाही येत?"

खरंच नव्हता येत. रेपीटरवर रोज सकाळी एक जण हवामान सांगतो, तो नव्हता. लेक तळ्याजवळ गेली, तीही नाही. मीटर म्हणतोय सगळं उत्तम आणि ऐकू कोणीच येत नाही. आम्ही संध्याकाळपर्यंत सेट उघडून बघत बसलो, सेट बिघडला असं धरून. सेटमध्ये काही नव्हतं. हा दिवस पूर्ण वाया.

८ जून

आज उलगडा झाला आणि तो नीट लिहिते, कारण बाकी काही वाचलं नाही तरी चालेल पण हे वाचा.

ओळखीच्या एका जुन्या हॅमला सांगितलं, तर त्यांनी फोनवर एकच गोष्ट करायला लावली. वर गच्चीवर जा, अँटेना केबलपासून सोडवा, टोक मोकळं ठेवा, आणि खालून व्हीएनएने मोजा. सेटने नाही, सेटची पॉवर मोकळ्या टोकावर मारायची नाही, व्हीएनएनेच. टोकाला काहीच नाही म्हणजे सगळी पॉवर परत यायला पाहिजे आणि एसडब्ल्यूआर आभाळाला टेकायला पाहिजे.

मी वर गेले, सोडवली, खाली ओरडून सांगितलं. नवरा खालून म्हणाला, "अगं सोडव ना."

"सोडवलीय!"

"नाही सोडवलेली. दीड दाखवतोय."

मी कनेक्टर हातात धरून उभी. खाली आकडा १.५६. अँटेना नसताना.

म्हणजे काय, तर वरपर्यंत जाणारी पॉवर केबल खात होती, जी थोडी परत यायची तीही परतीच्या वाटेत खात होती, आणि खाली मीटरला काहीच परत येताना दिसत नव्हतं म्हणून तो म्हणत होता वा, छान. डमी लोडचाही (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर नुसती जिरवणारा डबा) एसडब्ल्यूआर १ असतो, म्हणून कोणी डमी लोड गच्चीवर लावत नाही. आम्ही लावला होता, २० मीटर लांबीचा.

मग उसना वॅटमीटर आणि खरा डमी लोड वर नेऊन मोजलं. खालून ५ वॅट, वर पोचतात १.१. साडेसहा डीबी (डेसिबल, घटीचं माप; तीन गेले की पॉवर अर्धी) गेले. कोरडी, नवी आरजी-५८ असती तरी २० मीटरला या बँडवर चारेक डीबी जातात, म्हणजे वर २ वॅटच पोचतात. त्यामुळे १७ मेची ती सूं-सूं अंतरामुळे नव्हती, पहिल्या दिवसापासून अर्ध्याहून जास्त पॉवर आम्ही जिन्यातच ठेवून येत होतो. आणि वर १.३ खाली १.१ हे कोडंही त्यातच सुटलं, केबलच ते साजरं करून दाखवत होती. पाऊस फक्त उरलंसुरलं करून गेला.

वरचा पीएल-२५९ कनेक्टर कापला. काळ्या टेपखालून दोन थेंब हातावर पडले. बाहेरचं आवरण सोललं तर आतली तांब्याची जाळी, जी चकचकीत लाल असायला पाहिजे, ती काळी पडलेली, बोटाने चोळली की भुकटी. वाटलं वरचा एक फूट कापून भागेल. एक फूट कापला, काळी. एक मीटर कापला, काळी. जाळी वातीसारखी पाणी खाली खाली ओढत नेते. साडेतीन मीटरवर गेल्यावर जरा रंग दिसला, तिथे नाद सोडला.

धाकट्याने मध्येच माहिती पुरवली, १९६१ च्या डिसेंबरमध्ये हॅम लोकांनी सोडलेला ऑस्कर-१ हा उपग्रह जेमतेम १४० मिलीवॅटवर, याच टू मीटर बँडवर, मोर्समध्ये नुसतं "हाय" म्हणत फिरत होता आणि तो जगभर ऐकला गेला. म्हणजे आपल्याकडे १.१ वॅट आहेत, तक्रार कसली. बरोबर आहे, पण त्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मध्ये ओली केबल नव्हती.

हिशोब: केबल २० मीटर टाकून दिली, कनेक्टर दोन, चार आठवडे.

१४ जून

दोन बदल. एक, सेट खालून उचलून वरच्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत आणला, त्यामुळे केबल २० ऐवजी १२ मीटरच लागते. अप्पांची खोली सुटली म्हणून ते जरा नाराज, आता दिवसातून दोनदा जिना चढतात. दोन, आरजी-२१३ केबल घेतली. बोटाएवढी जाड, वाकत नाही, खिडकीच्या फटीतून जाईना, भोक मोठं करावं लागलं. पण १२ मीटरला डीबीभरच जातो. वर मोजलं: ५ पैकी ३.९ वॅट.

वरचं टोक मोकळं ठेवून पहिली चाचणी तीच: ८.६. हा आकडा वाईट दिसतोय तेवढाच चांगला आहे.

मग अँटेना जोडून खाली एसडब्ल्यूआर १.२५. आधीच्या १.०५ पेक्षा "वाईट". नवऱ्याच्या चेहऱ्यावर अजून थोडं दुःख होतं.

कनेक्टर झाकणं यावेळी नीट: आपली आपल्यालाच चिकटते ती रबरी सेल्फ-फ्यूजिंग टेप, ओढून दुप्पट लांब करत करत गुंडाळायची, न ओढता गुंडाळली तर ती एकजीव होत नाही. आणि शेवटचा थर खालून वर चढवत न्यायचा, म्हणजे प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर कौलासारखा बसतो आणि पाणी वरून ओघळून जातं. मी पहिल्यांदा वरून खाली गुंडाळली, लेकीने फोटो बघून सांगितलं, सगळी कापून परत केली. त्यावर उन्हासाठी साधी काळी टेप. खिडकीत शिरायच्या आधी केबलला खाली एक झोळ दिलाय, पाणी तिथून टपकतं, आत येत नाही. आणि वीज कडाडायला लागली की केबल सेटपासून काढून खिडकीबाहेर, हे धाकट्याचं काम, पण आकाश काळं व्हायला लागलं तेव्हाच, नंतर नाही.

१५ जून

टेकडी. तीच हँडी, तीच जागा, मागे सूं-सूं नाही. नवरा चहाचा कप ठेवतो तो आवाजसुद्धा आला.

२१ जून

नवीन रडगाणं. मी त्याला स्वच्छ ऐकते, तो मला नाही. वरच्या खोलीत सेटवर सतत खरखर, स्क्वेल्च (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद ठेवणारं बटण) ७ वर न्यावा लागतो आणि मग बारीक सिग्नल त्याखाली गडप. खालच्या खोलीत एवढं नव्हतं, किंवा असेल तर मेलेल्या केबलने तेही खाल्लं असेल.

घरातलंच काहीतरी असणार म्हणून शास्त्रोक्त शोध. सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावला, मेन स्विच पाडला. खरखर गायब! मग एकेक एमसीबी वर करत गेलो, धाकटा वहीत लिहितोय. दिवे, शांत. पंखे, शांत. फ्रिज, शांत. वॉशिंग मशीन, राउटर, चार्जर, मिक्सर, सगळं चालू केलं. शांत. अख्खं घर चालू आणि खरखर नाही. दोन तासांनी "गेली आपोआप" असं जाहीर करून आम्ही जेवायला बसलो. रात्री सेट परत त्याच्या पॉवर सप्लायवर लावला. खरखर हजर.

धाकटा म्हणाला, "आई, मेन बंद केला तेव्हाच सेटपण बॅटरीवर नेला होता ना?"

एका वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या. चोर सेटच्या बुडाखालीच बसला होता, तो हलका स्विचिंग पॉवर सप्लाय, आणि आम्ही त्याला सोडून फ्रिजची झडती घेत होतो. तीन पदवीधर आणि एक पाचवीतला मुलगा.

२२ जून

सप्लायच्या दोन्ही वायरींवर क्लिपवाले फेराइट (खरखर अडवणारी कडी) लावले. एकेक वेढा घेऊन काही फरक नाही, वायर तीन-चार वेळा आतून फिरवली तेव्हा थोडी कमी झाली, पण गेली नाही. शेवटी जुना ट्रान्सफॉर्मरवाला सप्लाय मिळवला, विटेसारखा जड, गरम होतो, पण मुका आहे. स्क्वेल्च ७ वरून २ वर आला.

संध्याकाळी सातनंतर थोडी खरखर अजून येते. यावेळी हँडी हातात घेऊन, स्क्वेल्च उघडा ठेवून घरभर फिरले. जिन्यातल्या एलईडी दिव्याखाली फसफस एकदम वाढली, दिवा बंद केला की गप्प. दुसऱ्या जातीचा दिवा लावला. पाच मिनिटांचं काम. कालपासून हेच आधी केलं असतं तर.

५ जुलै

धाकट्याची मागणी बरेच दिवस पेंडिंग होती: स्पेस स्टेशनवरून येणारी चित्रं पकडायची. ती १४५.८०० वर येतात, एफएमवर, एसएसटीव्ही म्हणजे चित्राचा आवाज करून पाठवतात. रोज येत नाहीत, ठरलेल्या दिवसांसाठी आधी जाहीर करतात. नुसतं ऐकायचंय, म्हणून हे सगळं त्याच्या ताब्यात दिलं.

हातात धरायची तीन एलिमेंटची यागी (एका दिशेला रोखायची अँटेना) करायची ठरली, स्टीलच्या मेजर टेपचे तुकडे आणि पीव्हीसी पाइपची, हे डिझाइन सगळीकडे प्रसिद्ध आहे. टेप वाकते आणि परत सरळ होते त्यामुळे दारातून नेताना मोडत नाही. मापं: मागची १०५ सेंटीमीटर, मधली ४५ चे दोन तुकडे, पुढची ८९. मागची ते मधली अंतर २० सेंटीमीटर, मधली ते पुढची ३२.

टेप घरात एकच होती, अप्पांची. पाच मीटरची, चांगली रुंद, त्यांनी इतकी वर्षं सांभाळलेली. त्यांना विचारलं होतं का, तर धाकटा म्हणतो विचारलं होतं. अप्पा म्हणतात "मोजायला हवीय" एवढंच त्याने विचारलं होतं. दोघंही खरं बोलतायत.

डाख देणं हे या अँटेनाचं खरं दुखणं. टेपवर पिवळा रंग आणि त्याखाली अजून एक थर असतो. मी तसाच लावला, डाखाचा थेंब पाऱ्यासारखा गोळा होऊन खाली घसरला, टेबलक्लॉथवर. पॉलिश पेपरने घासून राखाडी चकाकी येईपर्यंत रंग काढला, तरी धरेना, कारण माझी २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न आणि रुंद पोलादी पट्टी, उष्णता पट्टीभर पसरून जाते. ६० वॅटची आणली, फ्लक्स आधी लावला, टेपच्या टोकावर डाखाचा पातळ थर बसवून घेतला आणि मग केबल जोडली. तेव्हा कुठे धरली.

मोजलं, एसडब्ल्यूआर तीनच्या वर. एक तास मापं तपासली. मधल्या दोन तुकड्यांना जोडणारी ती यू आकाराची तार, हेअरपिन म्हणतात, ती बसवायचीच राहिली होती. चित्रात ती इतकी बारीक दिसते की मला वाटलं रेषा आहे. १२-१३ सेंटीमीटर तार वाकवून दोन्ही तुकड्यांमध्ये लावली, १.३.

टेपची कापलेली टोकं ब्लेडसारखी असतात, कात्रीने गोल करून टेप लावा. माझा अंगठा सांगतोय.

१२ जुलै

पहिला पास, म्हणजे स्टेशन आमच्यावरून जायची वेळ. सगळे गच्चीवर, अप्पासुद्धा खुर्ची घेऊन. यागी धाकट्याच्या हातात, हँडी लेकीकडे, फोनवर रोबोट३६ (आवाजाचं परत चित्र करणारं ॲप) चालू. वेळ झाली. काही नाही. पाच मिनिटं. काही नाही. दहा मिनिटं आकाशाकडे अँटेना रोखून उभे. नवऱ्याने छापलेलं वेळापत्रक यूटीसीमध्ये होतं, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. स्टेशन आमच्या डोक्यावर यायला अजून कित्येक तास होते.

नंतर जो पास मिळाला तो फार खाली, क्षितिजाला घासून. नुसती फसफस ऐकली, मध्ये दोन सेकंद ती शिट्टीसारखी लय आली आणि गेली.

१३ जुलै

उंच पास, ६२ अंशापर्यंत. यावेळी वेळ अप्पांच्या घड्याळावर लावली.

आला! आधी फसफस, मग तिच्यातून वर येणारी ती टुईं-टुईं. स्क्वेल्च पूर्ण उघडा ठेवायचा हे महत्त्वाचं, नाहीतर सिग्नल जरा खाली गेला की आवाज कापला जातो आणि चित्रात भोक पडतं. स्टेशन इतकं वेगात असतं की येताना सिग्नल तीन-साडेतीन किलोहर्ट्झ वर लागतो आणि जाताना तेवढाच खाली, पण एफएमला एवढं चालतं, आम्ही १४५.८०० वरून हललोच नाही. (४३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हेच तिप्पट सरकतं, तिथे ट्यून करत राहावं लागेल.) जास्त त्रास ध्रुवीकरणाचा, म्हणजे लहरी उभ्या की आडव्या याचा. आवाज मध्येच बुडायचा, तेव्हा अँटेना त्याच दिशेला ठेवून नुसतं मनगट फिरवायचं, उभीची आडवी, आडवीची तिरकी, की परत वर येतो. हे धाकट्याला दुसऱ्या मिनिटातच आपोआप जमलं, मला अजून जमत नाही.

एक चित्र पूर्ण व्हायला दोन मिनिटं लागतात. वरून एकेक रेघ उतरत होती, आधी पट्टा, मग कसलातरी निळा भाग. आणि फोन माइकमधून ऐकत होता हे आम्ही सगळे विसरलो. चित्राच्या मधोमध एक जाड, फाटलेला, रंगीबेरंगी पट्टा आहे. तिथे धाकटा "आलं, आलं, आलं" असं ओरडलाय. त्याच्या खाली एक बारीक पट्टा आहे, तो अप्पांचा "शू" आहे.

दुसऱ्या चित्राच्या वेळी कोणी श्वाससुद्धा घेतला नाही. ते वरचा तिसरा भाग सोडून स्वच्छ आलं, पण घरात छापून लावलंय ते पहिलं.

पुढच्या वेळी हँडीच्या इअरफोन सॉकेटमधून थेट वायर फोनला देणार, म्हणजे काय बोलायचं ते बोला.

२६ जुलै

यागी आहेच तर टेकडीवरून घरी बोलून बघितलं. मी अँटेना आडवी धरली होती, पुस्तकात यागी नेहमी आडवीच दिसते म्हणून. नवरा म्हणतो, "रबरी अँटेनापेक्षा वाईट येतेयस." घरची अँटेना उभी, माझी आडवी, सरळ रेषेत असा काटकोन पडला की वीस डीबीपर्यंत सहज जातं. यागी उभी केली, त्याच्याकडे एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा काटा) टोकाला. एफएमवर बोलायचं तर सगळ्यांच्या अँटेना उभ्या. आडव्या एसएसबीवाल्यांच्या (एफएमऐवजी दुसऱ्या पद्धतीने बोलणाऱ्यांच्या).

मग लेकीने टेकडीच्या पलीकडे जाऊन बघितलं, घराची दिशा पूर्ण झाकलेली. थेट काहीच नाही. यागी घराकडे न रोखता बाजूच्या डोंगराच्या कड्याकडे रोखली तर तिचा आवाज आला, कड्यावर आपटून. तुटक होता, नवऱ्याला कळेना. अप्पांनी कान पुढे केला आणि तिचं वाक्य अख्खं सांगितलं, "पाणी संपलंय, परत येतेय."

९ ऑगस्ट

दोन आठवडे अधूनमधून पाऊस झाला, म्हणून वर जाऊन अँटेना सोडवली, टोक मोकळं, खालून मोजलं. ८.५. जूनमध्ये ८.६ होता. रबरी टेप कापून कनेक्टर बघितला, कोरडा, पितळ चकचकीत. परत गुंडाळला, खालून वर. सेटमागच्या भिंतीवर दोन्ही आकडे तारखेसकट पेन्सिलने लिहिलेत, महिन्यातून एकदा हे धाकटा करणार.

सध्याच्या नोंदी: तळं स्वच्छ, टेकडी स्वच्छ, टेकडीपलीकडे कड्याची मदत आणि अप्पा असतील तर.

बाकी काम: इअरफोनची वायर, पाइपला तिसरा क्लॅम्प, आणि अप्पांची नवीन टेप. तिसऱ्या कामाला पाच आठवडे झालेत, त्यांनी आज वहीत स्वतः लिहून ठेवलंय.